जेवणानंतरची हृदयद्रुतता: आतड्यातील संप्रेरके, उदरातील रक्तप्रवाह आणि 'पॉट्स' हा लक्षणसमूह

गोषवारा

उभे राहिल्यावर रक्तदाब फारसा न घटता हृदयाची गती अवाजवी वाढणे, हे स्थितिजन्य हृदयद्रुतता लक्षणसमूहाचे प्रमुख लक्षण आहे. वैद्यकीय व्यवहारात हा लक्षणसमूह 'पॉट्स' या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. जेवणानंतर, विशेषतः पिष्टमय व गोड पदार्थांच्या सेवनानंतर, त्रास वाढतो अशी या रुग्णांची नेहमीची तक्रार असते. दीर्घकाळ ही तक्रार पित्त, अशक्तपणा किंवा मनाचे खेळ या सदरात टाकली गेली. गेल्या काही दशकांतील संशोधनामुळे तिच्यामागील शरीरक्रिया बऱ्याच अंशी स्पष्ट होऊ लागली आहे. उदरातील रक्तवाहिन्यांत साठणारे रक्त आणि आतड्यातून स्रवणारे 'जीआयपी' हे संप्रेरक यांचा या तक्रारीशी असलेला संबंध प्रस्तुत लेखात उलगडून दाखविला आहे. तसेच या पुराव्याच्या मर्यादा, मराठी आहारपद्धती आणि महाविद्यालयीन जीवनाच्या संदर्भातील त्याचे महत्त्व यांची चर्चा केली आहे.

बीजसंज्ञा: पॉट्स, स्वायत्त चेतासंस्था, उदरातील रक्तप्रवाह, जीआयपी, इन्क्रेटिन, भोजनोत्तर लक्षणे

प्रस्तावना

'जेवण अंगावर आले' हा मराठीतील नित्याचा वाक्प्रचार आहे. पोटभर जेवणानंतर येणारी सुस्ती, जड होणारे डोळे, काहीही करू नये असे वाटणे हा अनुभव सार्वत्रिक असल्यामुळे त्याकडे कोणी आजार म्हणून पाहत नाही. मात्र काही व्यक्तींच्या बाबतीत जेवण अक्षरशः अंगावर येते. जेवून उठताच छातीत धडधडणे, डोळ्यांसमोर अंधारी येणे, हातापायांना कंप सुटणे, मळमळणे, विचार सुचेनासा होणे अशी लक्षणे त्यांना जाणवतात. आडवे पडल्यावर मात्र ती बऱ्याच अंशी शमतात. अशा व्यक्तींमध्ये तरुण मुली व स्त्रिया यांचे प्रमाण फार मोठे आहे. साहजिकच महाविद्यालयाच्या वर्गात, प्रयोगशाळेत आणि वसतिगृहात अशा विद्यार्थिनी असणार, हे गृहीत धरावे लागते.

अशा विद्यार्थिनीची नेहमीची तपासणी पुष्कळदा निर्दोष निघते. झोपवून काढलेला हृदयाचा विद्युत्आलेख सामान्य असतो, बसवून मोजलेला रक्तदाब सामान्य असतो आणि उपाशीपोटी तपासलेली रक्तशर्कराही सामान्य असते. त्यामुळे 'काही झालेले नाही' असा निष्कर्ष काढला जातो. वास्तविक ही तपासणी चुकीच्या वेळी आणि चुकीच्या स्थितीत झालेली असते. ज्या दोन गोष्टींनी लक्षणे उद्भवतात, म्हणजे उभे राहणे आणि जेवणे, त्या दोन्ही तपासणीच्या वेळी अनुपस्थित असतात. प्रस्तुत लेखाचा मुख्य मुद्दा हाच आहे.

उभे राहणे: शरीरापुढील एक नित्याचे आव्हान

मनुष्य आडव्या स्थितीतून उभा राहतो तेव्हा गुरुत्वाकर्षणामुळे सुमारे ५०० ते ८०० मिलिलिटर रक्त छातीकडून पाय, ओटीपोट आणि उदराकडे सरकते. हृदयाकडे परतणारे रक्त तेवढ्या प्रमाणात कमी होते आणि प्रत्येक ठोक्यासरशी बाहेर फेकले जाणारे रक्तही घटते. हा बदल मानेतील व महारोहिणीच्या कमानीतील दाबसंवेदी केंद्रांना तत्काळ समजतो. त्यांच्याकडून मेंदूच्या तळाशी संदेश जातो आणि स्वायत्त चेतासंस्थेची अनुकंपी शाखा कार्यान्वित होते. नॉरॲड्रिनॅलिनच्या प्रभावाने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि हृदयाचे ठोके थोडे वाढतात. निरोगी प्रौढ व्यक्तीत ही वाढ साधारणपणे मिनिटाला दहा ते वीस ठोक्यांची असते. हे सर्व काही क्षणांत घडत असल्याने त्याची जाणीवही होत नाही.

या जुळवणीत हृदयाची गती वाढणे हा पूरक उपाय आहे. मुख्य काम रक्तवाहिन्यांच्या आकुंचनाचे, त्यातही उदरातील रक्तवाहिन्यांच्या आकुंचनाचे असते. ते अपुरे पडले की सारा भार हृदयाच्या गतीवर येतो. पॉट्समधील धडधड ही पुष्कळ वेळा अशी भरपाई असते. हृदय स्वतः रोगग्रस्त नसते. परत येणाऱ्या रक्ताची तूट ते वेगाने भरून काढू पाहत असते.

लक्षणसमूहाची ओळख

या विकाराचे आधुनिक नाव आणि निकष १९९३ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील शोन्डॉर्फ व लो यांच्या शोधनिबंधामुळे रूढ झाले. तथापि याच्याशी मिळतीजुळती लक्षणे त्यापूर्वीही नोंदविली गेली होती. अमेरिकन यादवी युद्धातील सैनिकांच्या निरीक्षणावरून जेकब दा कोस्टा यांनी १८७१ साली 'क्षोभशील हृदय' या अवस्थेचे वर्णन प्रसिद्ध केले. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये थॉमस लुईस यांनी 'सैनिकाचे हृदय' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अशाच अवस्थेचा अभ्यास केला. त्या सर्व सैनिकांना आजच्या अर्थाने पॉट्सच होता असे म्हणता येणार नाही. परंतु तपासणीत दोष न सापडणारे आणि तरीही उभे राहून काम करू न शकणारे रुग्ण वैद्यकाला दीड शतकापासून परिचित आहेत, एवढे त्यावरून दिसते.

सध्याच्या निकषांनुसार, उभे राहिल्यापासून दहा मिनिटांच्या आत हृदयगतीत मिनिटाला किमान ३० ठोक्यांची वाढ व्हावी लागते. १२ ते १९ या वयोगटासाठी ही मर्यादा ४० ठोक्यांची आहे. त्याच वेळी वरच्या रक्तदाबात २० किंवा अधिक अंकांची घट नसावी, लक्षणे किमान तीन महिने टिकलेली असावीत आणि हृदयगती वाढविणारे अन्य कारण नसावे, अशाही अटी आहेत.

शेवटची अट भारतीय संदर्भात विशेष महत्त्वाची आहे. रक्तक्षय, थायरॉईडचे विकार, शरीरातील पाण्याची कमतरता, दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहणे आणि काही औषधे यांमुळेही उभे राहिल्यावर ठोके वाढतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीनुसार १५ ते ४९ वयोगटातील भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के, तर महाराष्ट्रातील ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यामुळे रक्तातील हिमोग्लोबिन तपासल्याविना पॉट्सचे निदान करणे अयोग्य ठरते. तसेच रक्तक्षय बरा होऊनही लक्षणे कायम राहिल्यास 'अशक्तपणा आहे' एवढ्यावर थांबणेही अयोग्य ठरते.

काही रुग्णांत विषाणुसंसर्ग, शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण यांनंतर लक्षणे सुरू होतात. २०२० नंतर कोविडमधून उठलेल्या अनेक रुग्णांत हा लक्षणसमूह आढळू लागल्याने जगभर त्याच्याकडे नव्याने लक्ष वेधले गेले.

जेवणानंतर रक्त कोठे जाते?

जठर, आतडी, यकृत, प्लीहा व स्वादुपिंड या उदरस्थ अवयवांना विश्रांतीच्या वेळी हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे एक चतुर्थांश भाग मिळतो. या भागातील नीलांमध्ये शरीरातील एकूण रक्ताचा मोठा वाटा साठून राहू शकतो. म्हणूनच उदर हे रक्ताचे सर्वांत मोठे आणि गरजेनुसार रिकामे करता येणारे कोठार मानले जाते. उभे राहताना, धावताना किंवा रक्तस्राव झाल्यास शरीर प्रथम याच कोठारातून रक्त मागवते.

जेवणानंतर परिस्थिती उलट होते. अन्नाचे पचन व शोषण होण्यासाठी आतड्यांना अधिक रक्त लागते. लहान आतड्याला रक्त पुरविणाऱ्या सुपीरियर मेसेंटेरिक या रोहिणीतील प्रवाह जेवणानंतर अर्ध्या ते एक तासात दुपटीच्या घरात जातो. जेवणाचे प्रमाण आणि त्यातील घटक यांनुसार ही वाढ कमीअधिक होते आणि ती दोन-तीन तास टिकू शकते.

ही घटना समजण्यासाठी खडकवासल्याचे उदाहरण उपयुक्त ठरते. खडकवासला प्रकल्पात खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार धरणे येतात. या प्रकल्पाच्या पाण्यावर पुणे शहराची तहान भागते आणि कालव्यावाटे दौंड, इंदापूरकडील शेतीही भिजते. शेतीसाठी आवर्तन सोडावयाचे झाल्यास शहराचा पुरवठा अबाधित राहील असे नियोजन आधी करावे लागते. ते नियोजन न करता कालव्याचे दरवाजे उघडले, तर पहिला फटका उंचावरच्या वस्तीतील नळांना बसेल. शरीरात आतडी म्हणजे कालव्यावरील शेती, आणि मेंदू म्हणजे उंचावरची वस्ती. जेवण झाले की आतड्यांचे दरवाजे उघडतात. निरोगी शरीर त्याच वेळी हातापायांतील रक्तवाहिन्या आकुंचित करून आणि हृदयाचे कार्य किंचित वाढवून समतोल राखते. ज्यांच्यात ही व्यवस्था तोकडी आहे, त्यांच्यात वरच्या वस्तीचा दाब टिकविण्यासाठी पंप अधिक वेगाने चालवावा लागतो.

हे साम्य एका मर्यादेपर्यंतच खरे आहे. धरणाचे पाणी खाली वाहून जाते, तर रक्त बंद वर्तुळात फिरते. त्यामुळे शरीरात केवळ किती रक्त आतड्यांकडे गेले एवढाच प्रश्न नसतो, तर ते नीलांमध्ये किती वेळ अडकून राहिले आणि हृदयाकडे किती लवकर परतले हाही प्रश्न असतो. खडकवासल्यातच १९१६ साली स्थापन झालेले केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. तेथे नद्या व धरणांच्या लहान प्रतिकृतींवर प्रवाहाचे अध्ययन केले जाते. प्रवाह, दाब, अडथळा आणि साठा या चार राशींचा जो हिशेब तेथे मांडला जातो, तोच रक्ताभिसरणाच्या अभ्यासकाला मांडावा लागतो. फरक एवढाच की शरीरातील वाहिन्यांच्या भिंती सजीव असतात आणि चेतातंतू व संप्रेरके यांच्या आज्ञेने त्यांचा व्यास क्षणोक्षणी बदलतो.

पॉट्सच्या काही रुग्णांत उदरातील रक्तप्रवाह मुळातच वाढलेला असतो, असे मेयो क्लिनिकमधील २०००च्या सुमाराच्या अभ्यासातून सूचित झाले. त्यानंतर न्यूयॉर्क मेडिकल कॉलेजमधील ज्युलियन स्टुअर्ट व सहकाऱ्यांनी या रुग्णांचे रक्तप्रवाहानुसार गट पाडले. त्यांपैकी एका गटात उभे राहिल्यावर पायांऐवजी मुख्यतः उदरात रक्त साठते, असे त्यांनी दाखविले. पॉट्स हा एकच आजार नसून समान लक्षणांखाली एकत्र आलेल्या भिन्न यंत्रणांचा समूह आहे, ही जाण अशा अभ्यासांतून पक्की झाली.

आतड्यातील संप्रेरके आणि त्यांचा दुहेरी व्यवहार

संप्रेरक या संकल्पनेचा जन्मच आतड्यात झाला. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस व स्टार्लिंग यांनी लहान आतड्यातून स्रवणारे सिक्रेटिन शोधले आणि १९०५ साली स्टार्लिंग यांनी अशा रासायनिक दूतांसाठी 'हार्मोन' हा शब्द व्यवहारात आणला. पुढे १९६४ साली एक महत्त्वाचे निरीक्षण समोर आले. तेवढेच ग्लुकोज शिरेतून देण्याऐवजी तोंडाने दिले, तर इन्शुलिन कितीतरी अधिक स्रवते. याचा अर्थ, आतड्यातून जाणारा एखादा संदेश स्वादुपिंडाला आगाऊ सूचना देत असला पाहिजे. हे काम करणाऱ्या संप्रेरकांना इन्क्रेटिन असे म्हणतात. जीआयपी आणि जीएलपी-१ ही त्यांपैकी दोन प्रमुख होत.

जीआयपी हे संप्रेरक जॉन ब्राउन व सहकाऱ्यांनी १९७०च्या सुमारास वेगळे केले. लहान आतड्याच्या वरच्या भागातील 'के' पेशी ते स्रवतात. ग्लुकोज व स्निग्ध पदार्थ आतड्यात पोहोचताच त्याची पातळी वाढू लागते. ग्लुकोज जितक्या वेगाने आतड्यात उतरते तितका स्राव जोरकस होतो.

इन्शुलिनचा स्राव वाढविणे हे जीआयपीचे सर्वपरिचित कार्य आहे. परंतु ते एकमेव नव्हे. प्राण्यांवरील प्रयोगांत जीआयपीमुळे आतड्यांकडील रक्तप्रवाह वाढतो, हे १९७० व १९८० च्या दशकांतच दिसून आले होते. फिनलंडमधील तुर्कू येथील संशोधकांनी २०१७ साली मानवावरील अभ्यासात शिरेतून जीआयपी दिले असता आतड्यातील रक्तप्रवाह वाढल्याचे दाखविले. जीएलपी-१ मुळे तसा परिणाम दिसला नाही. म्हणजेच एकच संप्रेरक दोन कामे करते. आलेल्या साखरेची वासलात लावण्यासाठी ते स्वादुपिंडाला जागे करते, आणि त्या साखरेच्या शोषणासाठी आतड्याच्या रक्तवाहिन्याही रुंदावते. निरोगी व्यक्तीत ही उत्तम योजना आहे. उभे राहताना आधीच रक्ताची चणचण असलेल्या व्यक्तीत मात्र तीच योजना अडचणीची ठरू शकते.

या तर्काला आणखी एका बाजूने आधार मिळतो. जेवणानंतर रक्तदाब घसरण्याचा वेगळा विकार वृद्धांमध्ये आणि स्वायत्त चेतासंस्था निकामी झालेल्या रुग्णांमध्ये आढळतो. १९७७ साली कंपवाताच्या एका रुग्णाच्या निमित्ताने त्याची नोंद झाली. पुढे वृद्धांवरील अभ्यासांत तोंडाने दिलेल्या ग्लुकोजने रक्तदाब घटतो, पण शिरेतून दिलेल्या ग्लुकोजने तो घटत नाही, असे आढळले. इन्क्रेटिनच्या शोधामागील तर्कच येथे पुन्हा लागू पडतो: परिणाम केवळ रक्तातील साखरेचा नसून, साखर आतड्यातून जाण्याचा आहे. आतड्यातील अनेक संप्रेरकांचा स्राव दाबून उदरातील रक्तवाहिन्या आकुंचित करणाऱ्या ऑक्ट्रिओटाइड या औषधाने अशी घसरण रोखता येते, हेही १९८० च्या दशकात दिसून आले.

२०२२ मधील अभ्यास

पॉट्सच्या रुग्णांबाबत थेट प्रश्न विचारला तो अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठातील सिंडिया शिबाओ, इटालो बियाजियोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांचा शोधनिबंध २०२२ साली 'हायपरटेन्शन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अभ्यासाची पद्धत समजण्यास सोपी आहे. पॉट्स असलेल्या आणि निरोगी अशा दोन्ही गटांतील व्यक्तींना ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देण्यात आले. मधुमेहाच्या निदानासाठी कोणत्याही प्रयोगशाळेत दिले जाते तेवढेच हे प्रमाण होय. ग्लुकोज घेण्यापूर्वी आणि घेतल्यानंतर ठराविक अंतराने त्यांना उभे करून हृदयगती, रक्तदाब आणि रक्ताभिसरणाची अन्य मापे घेण्यात आली. सोबत संप्रेरकांची पातळी तपासण्यात आली.

ग्लुकोज घेतल्यानंतर साधारण अर्ध्या तासाने रुग्णांची उभ्या स्थितीतील हृदयगती निरोगी गटाच्या तुलनेत स्पष्टपणे अधिक वाढली आणि त्यांची लक्षणेही तीव्र झाली. त्याच काळात रुग्णांमध्ये जीआयपीचा स्राव निरोगी गटापेक्षा लक्षणीयरीत्या अधिक होता. 'गोड खाल्ले की मला उभे राहवत नाही' या रुग्णांच्या नेहमीच्या तक्रारीला प्रयोगशाळेत मोजता येणारे रूप मिळाले, हे या अभ्यासाचे सर्वांत मोठे योगदान मानावे लागेल.

रुग्णांमध्ये जीआयपी अधिक का स्रवते, याची एक शक्यता जठराच्या गतीत दिसते. पॉट्सच्या अनेक रुग्णांचे जठर मंद नव्हे तर अपेक्षेपेक्षा जलद रिकामे होते, असे मेयो क्लिनिकमधील अभ्यासात आढळले आहे. जठर भरभर रिकामे झाल्यास ग्लुकोज एकदम आतड्यात उतरते आणि जीआयपीचा स्राव उसळतो. ही कार्यकारणसाखळी सुसंगत वाटते. तरी ती अद्याप कडीकडीने सिद्ध झालेली नाही.

पुराव्याच्या मर्यादा

उपलब्ध पुरावा स्वीकारताना काही मर्यादा ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. पहिली मर्यादा संख्येची. या अभ्यासातील सहभागी दोन्ही गट मिळून पंचवीसच्या आसपास होते. दुसरी मर्यादा कार्यकारणभावाची. जीआयपी आणि हृदयगती एकाच वेळी वाढली, यावरून एक दुसऱ्याचे कारण आहे असे सिद्ध होत नाही. त्यासाठी जीआयपीचा परिणाम रोखल्यावर लक्षणे कमी होतात का, हे पाहावे लागते. तिसरी मर्यादा अन्य घटकांची. इन्शुलिन स्वतःही रक्तवाहिन्या रुंदावते आणि अनुकंपी चेतांना उत्तेजित करते. आतड्यातील इतर अनेक संप्रेरकेही रक्तप्रवाहावर परिणाम करतात. चौथी मर्यादा प्रयोगाच्या स्वरूपाची. ७५ ग्रॅम ग्लुकोजचे द्रावण म्हणजे वरण-भात, भाजी-पोळीचे जेवण नव्हे. डाळीतील प्रथिने, भाजीतील चोथा आणि तुपातील स्निग्धांश यांमुळे शोषणाचा वेग आणि संप्रेरकांचा प्रतिसाद दोन्ही बदलतात.

मराठी आहार व परंपरेच्या प्रकाशात

महाराष्ट्रातील नित्याच्या आहारात भात, पोळी, भाकरी, पोहे व साबुदाणा या पिष्टमय पदार्थांचे प्राबल्य आहे. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी आणि सणाच्या दिवशी पुरणपोळी, श्रीखंड किंवा आमरस हे तर एकाच बैठकीत मोठ्या प्रमाणात साखर व पिष्ट पोटात जाण्याचे प्रसंग असतात. पॉट्स असलेल्या व्यक्तीने हे पदार्थ वर्ज्य करावेत असे नव्हे. तथापि एकदम पोटभर जेवण्याऐवजी तेच अन्न दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे घेणे, पिष्टाचे प्रमाण घटवून डाळी, कडधान्ये, अंडी, दही यांचे प्रमाण वाढविणे, आणि सरबत किंवा रसासारखी द्रव साखर टाळणे हा सल्ला वर विवेचन केलेल्या शरीरक्रियेशी सुसंगत आहे. स्निग्ध पदार्थांनीही जीआयपी स्रवते. म्हणून साखरेची जागा तळलेल्या पदार्थांनी घेणे हा मार्ग नव्हे.

जेवणानंतरच्या दोन जुन्या सवयी येथे आठवतात: शतपावली आणि वामकुक्षी. या सवयी पॉट्ससाठी निर्माण झालेल्या नाहीत, हे उघड आहे. तरी त्यांकडे आजच्या दृष्टीने पाहता येते. चालताना पोटऱ्यांचे स्नायू नीलांतील रक्त वर ढकलतात. त्यामुळे जेवणानंतर एका जागी ताटकळत उभे राहण्यापेक्षा सावकाश चालणे शरीराला सोपे जाते. ज्यांना तेही झेपत नाही, त्यांच्यासाठी थोडा वेळ डाव्या कुशीवर पडणे हा गुरुत्वाकर्षणाचा भार हलका करण्याचा साधा उपाय आहे. याउलट, आजच्या लग्नसमारंभांतील उभ्याने जेवण्याची पद्धत अशा व्यक्तींसाठी सर्वांत प्रतिकूल ठरते. उभी स्थिती, पिष्टमय व गोड जेवण, गर्दी आणि उष्मा हे चारही घटक तेथे एकत्र येतात. पंगतीत बसून जेवलेली मुलगी ठीक असते आणि बुफेत मात्र तिला घेरी येते, यात विसंगती काहीच नाही.

उपचारांची दिशा

पॉट्सच्या उपचाराचा पाया औषधांपेक्षा दिनचर्येत आहे. दिवसाला दोन ते तीन लिटर पाणी, वैद्यकीय सल्ल्याने वाढविलेले मीठ, आणि आडव्या वा बसलेल्या स्थितीतून सुरू करून हळूहळू वाढविलेला व्यायाम ही त्याची तीन अंगे होत. उच्च रक्तदाब, मूत्रपिंडाचे वा हृदयाचे विकार असणाऱ्यांनी मीठ परस्पर वाढवू नये. जेवणापूर्वी पेलाभर-दोन पेले पाणी पिणे आणि जेवणासोबत मीठ घातलेले ताक घेणे हे घरगुती उपाय सहज जमण्याजोगे आहेत.

उदरातील साठ्याचा विचार केल्यास पोटपट्ट्याचे महत्त्व ध्यानी येते. केवळ पायांना घट्ट मोजे घालण्याने अपेक्षित लाभ होत नाही, कारण मोठे कोठार पोटात आहे. पोट व पाय या दोहोंवर दाब देणाऱ्या वस्त्रांमुळे उभ्या स्थितीतील हृदयगती व लक्षणे कमी होतात, असे कॅनडातील सतीश राज व सहकाऱ्यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले. औषधांमध्ये अल्प मात्रेतील प्रोप्रॅनोलॉल, आयव्हॅब्रॅडीन व मिडोड्रीन यांचा उपयोग केला जातो. त्यांची निवड तज्ज्ञांनीच करावयाची असते.

येथे एका नव्या घडामोडीचा उल्लेख आवश्यक आहे. जीआयपी व जीएलपी-१ या दोन्ही संप्रेरकांच्या ग्राहकांवर कार्य करणारे टिर्झेपटाइड हे औषध मार्च २०२५ मध्ये भारतात उपलब्ध झाले. मधुमेह व स्थूलता यांसाठी त्याचा उपयोग होतो. या वर्गातील औषधांनी हृदयगती काहीशी वाढू शकते, आणि भूक मंदावल्याने पाणी व मीठ कमी पोटात जाण्याचा संभव असतो. दुसरीकडे त्यांच्यामुळे जठर सावकाश रिकामे होते. पॉट्स असलेल्या व्यक्तीवर यांचा एकंदर परिणाम कोणत्या दिशेने होईल हे आधी सांगता येत नसल्याने, वजन घटविण्याच्या हेतूने ही औषधे सुरू करण्यापूर्वी अशा व्यक्तीने आपल्या आजाराची माहिती वैद्यांना देणे अत्यावश्यक ठरते.

अध्यापकांच्या दृष्टीने महत्त्व

महाविद्यालयाचे वेळापत्रक पाहता प्रात्यक्षिके बहुधा दुपारच्या जेवणानंतर असतात आणि ती पुष्कळदा उभ्यानेच करावी लागतात. पॉट्स असलेल्या विद्यार्थिनीसाठी हीच दिवसातील सर्वांत कठीण वेळ असते. सकाळच्या तासाला उत्साहाने उत्तरे देणारी विद्यार्थिनी दुपारी टेबलाला टेकून उभी राहते, चुका करते किंवा अनुपस्थित राहते. हे चित्र आळसाचे वाटण्याची शक्यता अधिक. म्हणून त्यामागील शरीरक्रिया अध्यापकाला ठाऊक असणे इष्ट आहे.

अशा वेळी फार मोठ्या सोयींची आवश्यकता नसते. प्रयोगशाळेत उंच स्टूल देणे, पाण्याची बाटली जवळ ठेवू देणे, दीर्घकाळ रांगेत उभे न करणे, प्रात्यक्षिकाची तुकडी शक्य असल्यास सकाळची देणे आणि घेरी आल्यास आडवे करून पाय उंच ठेवणे, एवढ्याने पुष्कळ काही साधते. निदान करणे हे अध्यापकाचे काम नव्हे. परंतु 'ही लक्षणे उभे राहिल्यावर येतात का, जेवणानंतर वाढतात का आणि आडवे पडल्यावर शमतात का' हे तीन प्रश्न विचारून विद्यार्थिनीला योग्य तपासणीकडे वळविणे त्याच्या आवाक्यात आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली पाच-दहा मिनिटे आडवे ठेवून व नंतर दहा मिनिटे उभे ठेवून मोजलेली नाडी ही अल्पखर्चाची आणि कोणत्याही दवाखान्यात करता येण्याजोगी चाचणी आहे. तीच चाचणी जेवणापूर्वी व जेवणानंतर अर्ध्या-एक तासाने केल्यास रुग्णाच्या तक्रारीचे स्वरूप अधिक स्पष्ट होते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. पॉट्समधील भोजनोत्तर लक्षणे काल्पनिक नसून, उदरातील रक्तप्रवाहात जेवणानंतर होणाऱ्या स्वाभाविक वाढीला शरीराची भरपाईव्यवस्था अपुरी पडल्याचे ते चिन्ह आहे.

२. ग्लुकोजच्या सेवनानंतर पॉट्सच्या रुग्णांमध्ये जीआयपीचा स्राव अधिक होतो आणि त्याच सुमारास उभ्या स्थितीतील हृदयगती वाढते. जीआयपी उदरातील रक्तवाहिन्या रुंदावत असल्याने हा संबंध अर्थपूर्ण आहे. मात्र तो अंतिमतः सिद्ध होण्यासाठी मोठ्या अभ्यासांची गरज आहे.

३. लहान व विभागून घेतलेली जेवणे, द्रव साखरेचा त्याग, पुरेसे पाणी आणि पोटावरील दाब हे उपाय या शरीरक्रियेशी सुसंगत असून भारतीय परिस्थितीत सहज अमलात आणता येण्याजोगे आहेत.

४. रक्तक्षयाचे प्रमाण मोठे असलेल्या महाराष्ट्रासारख्या राज्यात रक्तक्षय व पॉट्स यांतील भेद करणे आणि दोन्ही एकत्र असण्याची शक्यता ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

झोपलेल्या आणि उपाशी रुग्णाच्या तपासणीत जे दिसत नाही, ते उभ्या आणि जेवलेल्या रुग्णाच्या तपासणीत दिसू शकते. म्हणूनच विद्यार्थिनीच्या 'जेवल्यावर मला उभे राहवत नाही' या वाक्याकडे सबब म्हणून न पाहता निदानाचा पहिला धागा म्हणून पाहणे, ही अध्यापक आणि वैद्य या दोघांचीही जबाबदारी ठरते.